३७ टक्के फाइलमध्ये लावू की नको? (अ‍ॅक्रेडिटेशनवाल्यांनो, मदत)

अर्धी_पेन्सिल | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या पदवीच्या अ‍ॅक्रेडिटेशनसाठी, म्हणजे बाहेरच्यांनी दर्जा तपासून द्यायच्या मान्यतेसाठी, कमिटी येतेय. त्यामुळे विभागात सध्या शिकवणं हा जोडधंदा आणि फाइली हा मुख्य धंदा. ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक विषयाचे पाच-सहा कोर्स आउटकम लिहायचे, म्हणजे विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं. अख्ख्या पदवीचे वेगळे, ते प्रोग्रॅम आउटकम. दोघांची सांगड एका तक्त्यात १, २, ३ असे आकडे टाकून घालायची. मग परीक्षेतला कुठला प्रश्न कुठल्या आउटकमचा ते लिहायचं आणि मिळालेल्या गुणांवरून 'अटेनमेंट' काढायचं. आमच्याकडचा नियम असा की त्या प्रश्नात निम्मे किंवा जास्त गुण मिळवणारे ६० टक्के निघाले, की आउटकम साध्य.

माझा तिसरा आउटकम आहे: 'दिलेली माहिती पाहून विद्यार्थी योग्य सांख्यिकी चाचणी निवडेल.' गेली तीन वर्षं त्याचं अटेनमेंट ८१, ७९ आणि ८४. छान वाटायचं.

यंदा फाइल लावताना जुन्या प्रश्नपत्रिका बाहेर काढल्या. तिन्ही वर्षी त्या प्रश्नाची सुरुवात एकच: 'टी-चाचणी वापरून पुढील विधान तपासा.' म्हणजे चाचणी (टी-चाचणी, सरासरींची तुलना करणारी) मीच निवडून हातात दिली होती. पोरांनी फक्त सूत्रात आकडे घातले. ८१ टक्के कशाचे, तर कॅल्क्युलेटर चालवण्याचे.

म्हणून या सत्रात प्रश्नातून चाचणीचं नाव काढलं. बाकी अवघडपणा तोच. ६८ पैकी २५ जणांना जमलं. ३७ टक्के.

आता विभागात गहजब. 'नेमकं याच वर्षी प्रश्न बदलायची काय हौस होती?' इति विभागप्रमुख. दोन उपाय सुचवले गेलेत. एक, आउटकममधलं क्रियापद बदला, 'निवडेल' खोडून 'वापरेल' करा. दोन, लक्ष्यच ६० वरून ३५ वर आणा, म्हणजे ३७ 'साध्य' होतं. दोन्ही कायदेशीर आहेत, कुठला नियम मोडत नाही. तरी हात होत नाही.

३७ आहे तसा लावू का?

---

टिंब | सोमवार, रात्री १०:५२

क्रियापद बदला सांगणाऱ्याला माझा साष्टांग दंडवत. परीक्षेत नापास झालो तेव्हा मला हे सुचायला हवं होतं.

---

खोडरबर | सोमवार, रात्री ११:१५

लावू नका.

सोळा वर्षं या फाइलींत गेलीत माझी, म्हणून सांगतो. एका फेरीला आम्हीही खरेपणाचा झटका येऊन लिहिलं होतं की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचं मूल्यमापन ढिसाळ आहे. कमिटीने ते वाक्य जसंच्या तसं 'उणिवा' या रकान्यात उतरवून घेतलं. शेजारच्या विभागाचे प्रकल्प आमच्याहून टाकाऊ, पण त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं म्हणून त्यांचा रकाना स्वच्छ. पुढची दोन वर्षं प्रत्येक बैठकीत तो कागद आमच्या तोंडावर नाचवला गेला.

कमिटीला कमतरता शोधायची असते. आपल्या हाताने ताटात वाढून का द्या? ६० आणि ३५ च्या मध्ये कुठेतरी लक्ष्य धरा, 'नवीन पद्धतीच्या प्रश्नामुळे आधारवर्ष' असं लिहा आणि मोकळ्या व्हा.

---

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ७:३०

फाइल आणि प्रत्यक्षातली खोली यांच्यातलं अंतर नवीन नाही, म्हणून एक जुनी गोष्ट.

अब्राहम फ्लेक्सनर नावाचा गृहस्थ. डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. कार्नेगी फाउंडेशनने त्याला अमेरिका आणि कॅनडातली वैद्यकीय महाविद्यालयं पाहायला पाठवलं. १५५ संस्था पाहून त्याने १९१० साली अहवाल दिला. त्याने स्वतःच पुढे आठवणींत सांगितलेला किस्सा: एका संस्थेत दारांवर 'शरीररचना', 'शरीरक्रिया', 'विकृतिशास्त्र' अशा पाट्या, पण सगळ्या खोल्यांना कुलपं. किल्ल्या शिपायाकडे आणि शिपाई म्हणे गावातच नाही. फ्लेक्सनर निघून गेल्याचं दाखवून परत आला, शिपायाला गाठलं, हातावर पैसे ठेवले आणि दारं उघडायला लावली. आत प्रत्येक खोलीत काय, तर एक टेबल, एक छोटा फळा आणि खुर्च्या. बास.

त्या अहवालानंतर बरीच दुकानवजा महाविद्यालयं बंद पडली, ते चांगलंच झालं. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळातल्या कृष्णवर्णीयांसाठीच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद झाली, हॉवर्ड आणि मेहारी ही दोनच तगली. मोजपट्टी एकच असली तरी ती ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला कमी लागते.

पाट्या लावण्याची कला तेव्हापासूनची आहे, एवढंच. पेन्सिलताई, तुम्ही तुमच्याच खोलीचं कुलूप काढलंत.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, दुपारी १:०५

विद्यार्थी बोलतोय, चालेल ना?

आमच्याकडे कमिटी आली तेव्हा आदल्या आठवड्यात व्हिजन-मिशनचा कागद पाठ करायला दिला. कमिटीशी बोलायला बारा जण निवडले, सगळे पहिल्या दोन बाकांवरचे. चार सत्रांचे फीडबॅक फॉर्म एका दुपारी भरून घेतले. सर म्हणाले, पेनं बदलत राहा. कोणीतरी हिरवं पेन वापरलं तर ओरडा बसला. प्रयोगशाळेतलं एक यंत्र मी तिथे तीन वर्षांत पहिल्यांदा चालू पाहिलं. दुसऱ्या दिवशी परत बंद.

मग रिझल्ट आला, मानांकन मिळालं, मोठा फलक लागला. खरंच विचारतोय, टोमणा नाही: यातून मला काय मिळालं?

---

दोन_बॅगा | मंगळवार, रात्री ९:२०

@शेवटचा_बाक, तुला काय मिळतं ते तू देश सोडशील तेव्हा कळेल. माझा अनुभव सांगतो.

इंजिनिअरिंगच्या पदव्यांसाठी वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार आहे. १९८९ चा. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका हे मूळचे सहा. तत्त्व सोपं: तुमच्या अ‍ॅक्रेडिटेशनवाल्यांनी ज्या पदवीला मान्यता दिली ती आम्ही आमच्या मान्यतेइतकीच धरू. भारताची एनबीए ही अ‍ॅक्रेडिटेशन संस्था त्यात २०१४ साली पूर्ण सदस्य म्हणून आली.

आता गोम बघा. करार विद्यापीठाच्या नावाला लागू होत नाही, एकेका अभ्यासक्रमाला होतो. त्याच इमारतीत सिव्हिल मान्य आणि मेकॅनिकल अमान्य असू शकतं. आणि वर्ष बघतात. मान्यतेचा कालावधी अमुक ते तमुक, त्यात तुमची तुकडी बसली पाहिजे.

माझ्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली माझ्यानंतरच्या तुकडीपासून. तेच शिक्षक, तोच सिलॅबस, तीच गळकी कार्यशाळा. परदेशात पदवी मान्य करून घ्यायचा माझ्या ज्युनियरचा अर्ज सहा आठवड्यांत मार्गी लागला. माझ्याकडून प्रत्येक विषयाचा तपशीलवार सिलॅबस, तोही विद्यापीठाच्या शिक्क्यासह, शिवाय प्रकल्पांची वर्णनं आणि मुलाखत. चौदा महिने गेले. ज्या क्लार्कने शेवटी शिक्के मारून दिले त्याला मी अजून सणाला मेसेज करतो.

आणि हो, एवढं होऊन हातात लायसन्स येत नाही. फक्त 'शैक्षणिक पात्रता पुरी' एवढाच टिकमार्क. अनुभव, परीक्षा वगैरे पुढे वेगळं.

---

शिक्का_पॅड | मंगळवार, रात्री १०:१०

दोन_बॅगा यांच्या पलीकडच्या खिडकीत बसतो मी. परदेशी पदव्यांची पडताळणी करतो. थोडी भर.

लोक तीन गोष्टींची खिचडी करतात. विद्यापीठाला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार असणं ही एक. संस्था म्हणून तिचं मूल्यांकन होणं ही दुसरी. विशिष्ट अभ्यासक्रमाचं अ‍ॅक्रेडिटेशन ही तिसरी. भारतात नॅक आणि एनबीए दोन्ही १९९४ सालच्या, पण नॅक संस्थेकडे बघते आणि एनबीए एकेका अभ्यासक्रमाकडे. बिझनेस स्कूलांच्या जाहिरातीत 'ट्रिपल क्राउन' म्हणून मिरवतात, त्या तीन मान्यतांतही एएसीएसबी आणि इक्विस अख्खी शाळा तपासतात, अ‍ॅम्बा मात्र एमबीएसारखा अभ्यासक्रम. माहितीपत्रकात सगळ्यांचे लोगो एका ओळीत, आणि आईबापांना वाटतं सगळे एकच सांगतायत.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ खातात ते बनावट अ‍ॅक्रेडिटर. नुसती खोटी पदवी विकणं जुनं झालं. आता दुकानदार पदवीचं विद्यापीठही काढतो आणि त्या विद्यापीठाला मान्यता देणारी 'आंतरराष्ट्रीय परिषद' पण स्वतःच काढतो. वेबसाइटवर एक दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी पहिलीकडे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं जे प्रकरण उघडं केलं त्यात असल्या खोट्या परिषदाही होत्या. म्हणून अर्जदाराने मान्यतेचा कागद आणला की मी तो बाजूला ठेवतो आणि त्या देशाच्या अधिकृत यादीतून उलट शोधत येतो. कागदावरच्या लिंकवर कधी क्लिक करत नाही.

अवांतर: २००४ साली अमेरिकेत कोल्बी नोलन याला एमबीए मिळाली होती. कोल्बी हे मांजर होतं. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी वकिलांच्या खात्याने मुद्दाम त्याच्या नावे अर्ज केला होता. अर्ज बॅचलर पदवीचा होता, पण मांजराचा 'अनुभव' पाहून विद्यापीठानेच वरच्या पदवीसाठी पात्र ठरवलं.

---

टिंब | मंगळवार, रात्री १०:१४

आणि त्या मांजराचं अटेनमेंट ३७ च्या वर असणार याची मला खात्री आहे.

---

फिरस्ता | बुधवार, सकाळी ६:१५

काल प्रवासात होतो, आत्ता धागा पाहिला. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. अकरा वर्षं अशा कमिट्यांवर जातोय. खोडरबर यांचा मुद्दा पोकळ नाही, पण पेन्सिलताईंना माझा सल्ला नेमका उलटा आहे.

आधी आमचा दिवस कसा जातो ते सांगतो. स्वयंमूल्यांकन अहवाल काही आठवडे आधी हातात येतो, जाडजूड. भेट दोन-तीन दिवसांची. पहिली सकाळ स्वागत आणि स्लाइड्समध्ये जाते, तिथे मी फारसं ऐकत नाही. मग एका खोलीत कोर्स फाइली मांडलेल्या असतात, सगळ्यात देखण्या वर. मी त्या उचलत नाही. यादीतून एखादा बिनमहत्त्वाचा वाटणारा विषय सांगतो आणि तीन उत्तरपत्रिका मागतो: सर्वांत जास्त गुणांची, मधली आणि जेमतेम पास झालेली. त्यातली तिसरी महत्त्वाची. पदवीचा उंबरठा तुम्ही कुठे बसवलाय ते तिच्यात दिसतं. हुशार मुलगा कुठेही हुशारच असतो, त्याच्यावरून अभ्यासक्रमाची परीक्षा होत नाही.

मग आउटकमचं क्रियापद आणि प्रश्नाचं क्रियापद शेजारी ठेवतो. आउटकममध्ये 'विश्लेषण करेल', 'आराखडा तयार करेल', आणि प्रश्नात 'टीप लिहा'. दहापैकी सात फाइलींत हे असतं असं मी अंदाजाने सांगेन. ब्लूमची उतरंड, म्हणजे नुसतं आठवण्यापासून मूल्यमापनापर्यंतच्या शिकण्याच्या पायऱ्या, १९५६ पासून सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण ती आउटकमच्या पानावरच राहते, प्रश्नपत्रिकेपर्यंत खाली उतरत नाही. पेन्सिलताईंनी जे स्वतःहून पकडलं, ते पकडायलाच आम्हाला बोलावतात.

सगळी अटेनमेंट ८० च्या आसपास असलेली फाइल पाहिली की मी सावध होतो. लक्ष्य दर वर्षी गाठलं जातंय, मग ते वाढवलं का नाही? आणि काहीच हुकलं नसेल तर 'सुधारणा' या रकान्यात दोन पानं कशाने भरलीत? तिथे हमखास असतं: 'अधिक गृहपाठ दिला जाईल.'

तेव्हा ३७ लावा. पण नुसता लावू नका. सोबत एक पान जोडा: आधीचे तीन प्रश्न, यंदाचा प्रश्न, फरक काय आणि तो का केला. ज्या ४३ जणांचं चुकलं त्यांनी काय निवडलं, त्याची वर्गवारी. पुढच्या सत्रात शिकवण्यात काय बदलणार, कोणी, कधी. आणि पुढच्या वर्षी प्रश्न याच जातीचा राहील हे लिहून द्या. लक्ष्य ६० च ठेवा. ३५ केलंत तर मात्र मी नक्की विचारेन की ३५ कुठून आलं.

---

फळा | बुधवार, सकाळी ११:४५

फिरस्ता यांचा प्रतिसाद आवडला, पण एक मूळ शंका कोणी काढतच नाहीये. हे गणितच मुळात काय आहे?

सांगड तक्त्यात मी ३, २, २, १, ३, २ टाकले. ते ३ का, २ का नाही? मला वाटलं म्हणून. त्याची सरासरी २.१७. मग त्या २.१७ ला अटेनमेंटने गुणायचं, तीनने भागायचं आणि उत्तर दोन दशांशांपर्यंत. अंदाजाला अंदाजाने गुणून दशांश चिन्ह लावलं की ते मोजमाप होतं का? संख्याशास्त्रवाल्या ताईंनीच सांगावं.

गंमत म्हणजे हे सगळं मोजणीतून सुटका व्हावी म्हणून सुरू झालं होतं. अमेरिकेतली इंजिनिअरिंगची अ‍ॅक्रेडिटेशन संस्था अबेट, मूळ १९३२ ची, वेगळ्या नावाने. तिचे जुने निकष म्हणजे किती क्रेडिट, किती प्रयोगशाळा, किती शिक्षक. विद्यापीठांनी तक्रार केली की तुम्ही आमच्याकडच्या वस्तू मोजता, मुलं काय शिकली ते बघतच नाही. म्हणून नव्वदीच्या दशकात 'इंजिनिअरिंग क्रायटेरिया २०००' आले. ए ते के असे अकरा आउटकम, ते कसे साधायचे ते तुम्ही ठरवा. पुढे अकराचे सात केले. कल्पना मोकळीक देण्याची होती. मोकळीक दिल्यावर लोक घाबरले, कुणीतरी एक्सेल बनवलं, ते एक्सेल सगळीकडे फिरलं, आणि आता कमिटी आउटकमपेक्षा एक्सेल तपासते.

मी साहित्य शिकवतो. 'विद्यार्थी कवितेतील मौनाचा अर्थ लावेल' याचं अटेनमेंट २.१७ आलंय. आता बोला.

---

अर्धी_पेन्सिल | बुधवार, दुपारी ३:३०

@फळा, संख्याशास्त्रवाली म्हणून सांगते: १, २, ३ ही क्रमवारी आहे, मोजमाप नव्हे. 'थोडा संबंध', 'बरा संबंध', 'घट्ट संबंध' यांची सरासरी काढता येत नाही. हे मीच वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवते आणि मग स्टाफरूममध्ये येऊन सरासरी काढते. म्हणून तर ३७ हा आकडा मला प्रिय आहे, तो साधा आहे. ६८ पोरं बसली, २५ जणांना आलं.

@फिरस्ता, ४३ जणांची वर्गवारी आजच केली. ३१ जणांनी एकच चूक केलीय. म्हणजे दोष पोरांचा कमी आणि माझ्या शिकवण्याचा जास्त. जोडीची चाचणी (त्याच गोष्टी दोनदा मोजल्या असतील तेव्हाची टी-चाचणी) मी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, दीड तासात उरकते.

---

खोडरबर | बुधवार, रात्री ८:०५

फिरस्ता, तुम्ही चांगले परीक्षक असाल, मान्य. पण व्यवस्था चांगल्या माणसावर अवलंबून असेल तर ती व्यवस्था कसली? आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकाने फक्त अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा पाहिल्या.

आणि तपासणाऱ्यांना कोण तपासतं? अमेरिकेत एसीआयसीएस नावाची संस्था होती. कोरिंथियन आणि आयटीटी टेक या धंदेवाईक शिक्षणसाखळ्यांच्या कॉलेजांना तिची मान्यता होती. २०१५ आणि २०१६ मध्ये दोन्ही साखळ्या कोसळल्या, हजारो विद्यार्थी कर्ज घेऊन रस्त्यावर. कोसळेपर्यंत मान्यता शाबूत! सरकारने एसीआयसीएसची स्वतःची मान्यता काढली, परत दिली, आणि २०२२ मध्ये कायमची काढली. ज्याच्याकडून फी घ्यायची त्यालाच पास-नापास करायचं, हा धंदाच गोत्यात आणणारा आहे.

---

फिरस्ता | बुधवार, रात्री ९:५०

फीचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. निदान उपाय काय काय झालेत ते सांगतो.

युरोपात गुणवत्ता हमीची सामायिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २००५ ची, २०१५ मध्ये सुधारलेली. त्यातल्या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. कमिटीत विद्यार्थी सदस्य हवा. पाहुणा म्हणून नव्हे, सदस्य म्हणून. आणि कमिटीचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध व्हायला हवा, नुसता निकाल नाही. अशा एका कमिटीवर मी होतो. विद्यार्थी सदस्य एकवीस वर्षांची मुलगी. आम्ही तिघं म्हातारे अभ्यासक्रमाच्या रचनेवर बोलत होतो आणि तिने विचारलं, 'परीक्षेचा पेपर तपासून परत मिळतो का? किती दिवसांत?' खोलीत शांतता. मिळतच नव्हता. आम्हा तिघांच्या अहवालापेक्षा तो एक प्रश्न भारी पडला.

शिवाय तपासणाऱ्या एजन्सीचंही दर पाच वर्षांनी बाहेरून मूल्यांकन होतं. त्याने सगळं सुटतं असं नाही. अग्निशामक नळकांडीवाले सगळीकडे आहेत, मीही भेटलोय त्यांना.

---

जुनी_वही | गुरुवार, सकाळी ७:१०

बाहेरचा डोळा दर पाच वर्षांनीच का? डरहॅम विद्यापीठ १८३० च्या दशकात नवं निघालं तेव्हा त्यांच्या पदवीवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून परीक्षेला ऑक्सफर्डचे परीक्षक बोलावले. तिथून ब्रिटनमध्ये बहिःस्थ परीक्षकाची प्रथा रुळली. दर वर्षी बाहेरचा एक शिक्षक प्रश्नपत्रिका आणि काही उत्तरपत्रिका पाहतो. ना स्लाइड्स ना स्वागत. पेन्सिलताईंचा 'टी-चाचणी वापरून' असल्या माणसाने पहिल्याच वर्षी पकडला असता.

---

शेवटचा_बाक | गुरुवार, दुपारी १२:४०

आमचा पेपरही तपासून परत मिळत नाही. विद्यार्थी सदस्य व्हायला कुठे अर्ज करायचा?

---

*(पाच आठवड्यांनी)*

अर्धी_पेन्सिल | शनिवार, रात्री ९:००

धागा वर काढतेय. कमिटी येऊन गेली.

३७ लावला. लक्ष्य ६० ठेवलं. फिरस्तांनी सांगितलेलं पान जोडलं, सोबत ३१ जणांच्या चुकीचा तक्ता. विभागप्रमुखांनी सही केली पण मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमिटीतल्या एका बाईंनी ती फाइल उघडली. ते पान वाचलं, मागे गेल्या, परत वाचलं. मला वाटलं आता शाबासकी. त्यांनी विचारलं, 'मग मागच्या तीन वर्षांचे ८१, ७९, ८४ तुम्ही अहवालात अजून तसेच का ठेवलेत?'

मंडळी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यंदाचा खरा आकडा लावून मी मोठी प्रामाणिक झाले होते आणि शेजारच्या रकान्यात तीन खोटे आकडे तसेच उभे. त्याच आकड्यांवर पदवीचं एकूण अटेनमेंट काढलेलं. मी म्हटलं, चुकलं. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि आणखी चार विषयांच्या प्रश्नपत्रिका मागवल्या. चारपैकी तिघांत तेच: आउटकम एक, प्रश्न दुसराच.

शेवटच्या बैठकीत तोंडी सांगितलं की 'मूल्यमापन आणि आउटकम यांचा मेळ' ही विभागाची कमतरता म्हणून येईल. आता सगळ्या प्रश्नपत्रिका नव्याने तपासायच्यात. ज्या तिघांचे विषय निघाले ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. खोडरबर, तुम्ही सांगितलं होतंत.

निकाल अजून यायचाय. दरम्यान मी जोडीची चाचणी तिसऱ्या आठवड्यात आणलीय आणि दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं एकच काम: उदाहरण वाचायचं, चाचणीचं फक्त नाव लिहायचं, गणित करायचं नाही. पहिल्या शुक्रवारी १९ बरोबर. काल ३३.

---

खोडरबर | शनिवार, रात्री ९:२५

सांगितलं होतं खरं. पण ती बाई आमच्याकडे आली असती तर बरं झालं असतं, हेही कबूल करतो. तिघांचं मनावर घेऊ नका. पुढच्या फेरीला तेच तुमच्याकडे फाइल कशी लावायची विचारायला येतील.

---

फिरस्ता | शनिवार, रात्री १०:०५

८१ चा प्रश्न मलाही सुचायला हवा होता. मी तो मुद्दा तुम्हाला सांगितला नाही, ती चूक माझी. त्या बाईंना माझा नमस्कार.

---

शेवटचा_बाक | शनिवार, रात्री १०:२०

मॅम, तो प्रश्न टाका ना इथे. ४३ जणांचा बळी घेणारा.

---

अर्धी_पेन्सिल | शनिवार, रात्री १०:३१

घ्या:

'एका परीक्षेच्या १२ उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी, एकमेकांचे गुण न पाहता, तपासल्या. दोघांनी दिलेले गुण खालील तक्त्यात आहेत. एक शिक्षक दुसऱ्यापेक्षा कडक तपासतो असे म्हणता येईल का? योग्य चाचणी निवडा, निवडीचे कारण एका वाक्यात लिहा आणि निष्कर्ष काढा.'

---

टिंब | शनिवार, रात्री १०:३४

एवढंच? दोन शिक्षक, दोन गट. दोन स्वतंत्र नमुन्यांची टी-चाचणी. 'एकमेकांचे गुण न पाहता' लिहिलंच आहे, म्हणजे स्वतंत्र. उगाच बाऊ केलाय पोरांनी.

---

अर्धी_पेन्सिल | शनिवार, रात्री १०:३६

टिंब, उत्तरपत्रिका किती होत्या? १२ की २४?

---

टिंब | शनिवार, रात्री १०:४१

अरे देवा. ३१ मध्ये माझा एक धरा.